पात्याचे पाणी

गेल्या काही वर्षांत पेण-रोह्याच्या मुलांच्या बोलण्यात ‘टॅक्टिकल’ हा शब्द आला आहे. टॅक्टिकल पँट, टॅक्टिकल बॅटरी, टॅक्टिकल बूट आणि सगळ्यांत आवडता म्हणजे टॅक्टिकल चाकू. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे नवा शब्द कानावर पडला की दोन्ही भाषांत त्याला काय म्हणतील हे शोधायची सवय आहे. मराठीत ‘डावपेचाचा’ म्हणता येईल, उर्दूत ‘जंगी’. ‘जंगी चाकू’ म्हटले की मुले हसतात. पण अर्थ तोच: लढाईसाठी बनवलेला, किंवा निदान तसा दिसणारा.

हा चाकू खिशात मावतो आणि मिटतो. पाते काळे, मुठीला खाचा, एका बोटाने उघडायची सोय, मागच्या टोकाला काच फोडायचा काटा. ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांना घरपोच येतो. त्याच आकाराचा, त्याच रंगाचा नामांकित परदेशी कंपनीचा चाकू पंधरा-वीस हजारांना असतो. फोटोत दोघे जुळे भाऊ दिसतात. मग मुले विचारतात, “सर, एवढा फरक कशाचा?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ‘चाकू वाईट, हात लावू नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण आपल्या रायगडात चाकूशिवाय कोणाचे काम चालते? कलमाच्या फांदीपासून जाळ्याच्या दोरीपर्यंत, फणसापासून थंडीतल्या पोपटीसाठी चिकनला चिरा देण्यापर्यंत पाते लागतेच. पेणच्या गणपती कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्तीची जोडरेषा साफ करायला लागते. कोलाडला राफ्टिंगला, अवचितगडावर किंवा सांकशीच्या किल्ल्यावर जाणाऱ्यांच्या पिशवीतही असते. तेव्हा स्वस्त आणि महाग यांतला फरक समजून घेऊ. मग ‘जंगी’पणाचे काय करायचे ते ठरवू.

फरक समजायला आपल्या दोन्ही भाषांतला एक शब्द पुरेसा आहे. मराठीत लोहार म्हणतो, ‘पात्याला पाणी दिले’. पाणीदार तलवार, पाणीदार डोळे, पाणीदार माणूस हे सगळे तिथूनच आले. उर्दूत ‘आब’ म्हणजे पाणी, आणि ‘आब’ म्हणजे पात्याची चमक व धारही. चांगली तलवार ‘आबदार’ असते. मराठीत माणूस आब राखतो, तो आब हाच. दोन भाषांनी पोलादाच्या गुणाला एकच नाव द्यावे, याचे कारण भट्टीत आहे. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कडक होते. पण नुसते कडक पाते काचेसारखे तडकते. म्हणून ते पुन्हा बेताच्या आचेवर, साधारण दीडशे-दोनशे अंशांवर धरून त्याचा ठिसूळपणा काढतात. पहिली आच किती, बुडवायचे कधी, दुसरी आच किती वेळ, या तीन गोष्टींत पात्याचे नशीब ठरते. त्या नीट जमल्या तर साधे पोलाद चांगले काम देते, चुकल्या तर उंची पोलादही वाया जाते.

आता तीनशे रुपयांचा चाकू घ्या. त्यावर बहुधा नुसते ‘स्टेनलेस’ लिहिलेले असते. ते खोटे नसते. लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की ते स्टेनलेसच्या वर्गात येते. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ मध्ये असे पोलाद बनवल्यापासून जगभरच्या सुऱ्या त्याच्याच होतात. पण धार टिकते ती मुख्यतः कार्बनमुळे. स्वस्त पात्यात बहुधा ४२० जातीचे पोलाद असते, त्यात कार्बन कमी. ते गंजत नाही आणि मोडतही नाही सहसा, पण पुठ्ठ्याचे दोन-तीन खोके कापले की बोथट होते. त्याच्या वरची पायरी म्हणजे ‘८सीआर१३एमओव्ही’ हे चिनी पोलाद. नाव शिव्या दिल्यासारखे वाटते, पण त्यातच कृती लिहिलेली आहे: सुमारे ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हजार-दीड हजारांच्या चांगल्या चाकूत ते सापडते. घरगुती कामाला ते पुरून उरते.

महागड्या चाकूंत ‘एस३०व्ही’सारखी पोलादे येतात. ती नेहमीसारखी ओतत नाहीत. आधी पोलादाची भुकटी करतात आणि ती दाबून-तापवून एकजीव करतात. त्यात चार टक्के व्हॅनेडियम असते. त्याचे बारीक, अतिशय कठीण कण धारेला लवकर झिजू देत नाहीत. पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. स्वस्त पाते ५२ ते ५५ च्या आसपास भरते, एस३०व्हीचे चांगले पाते ५९ ते ६१. आकडे जवळचे दिसतात, हातात मात्र फरक कळतो. सुतळी कापत बसलो तर स्वस्त चाकू थोड्याच वेळात घसरू लागतो, महागडा अजून कागद फाडत असतो.

पण या गुणाची दुसरी बाजू दुकानदार सांगत नाही. जे पाते उशिरा झिजते त्याला धारही उशिराच लागते. आपल्या घरातल्या साध्या दगडावर एस३०व्हीला धार लावणे म्हणजे घाम गाळणे. त्याला डायमंडचा दगड लागतो. तो नसला की वीस हजारांचा चाकू वर्षभरात बोथट होऊन कपाटात पडतो. आणि सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे तो दिला, तर ठिणग्यांच्या आचेने धारेची कड निळी पडते. ती निळाई म्हणजे पात्याचे पाणी उतरले. मग कडेला कितीही टोक आले तरी ते टिकत नाही.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे हवा. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि खारेपाटात तर वाऱ्यालाही मिठाची चव असते. ‘डी२’ या पोलादाची सध्या फार जाहिरात होते, दोन-तीन हजारांत मिळते आणि धार खरोखर छान टिकते. पण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी बांधलेले असते, गंज अडवायला मोकळे उरत नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत ते चालेल. पापलेट कापून न पुसता ठेवले तर आपल्याकडे त्यावर ठिपके धरायला जुलै महिना पुरे. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी कार्बनऐवजी नायट्रोजनने कडक केलेली पोलादे निघाली आहेत. ती जवळपास गंजतच नाहीत, पण महाग आहेत. म्हणजे ‘महाग तेवढे चांगले’ हे इथे चालत नाही. कुठल्या गावात आणि कशासाठी, हे आधी विचारावे लागते.

पात्यानंतर येते कुलूप, आणि मिटणाऱ्या चाकूत माझ्या मते हीच सर्वांत मोठी बाब आहे. पाते उघडल्यावर एक पट्टी सरकून त्याच्या मुळाशी अडकते आणि ते मिटू देत नाही. महागड्या चाकूत ही पट्टी जाड असते आणि तिचा कोन केसाच्या अंतराने जुळवलेला असतो. स्वस्तात ती पातळ आणि मऊ असते, नवी असताना खट्कन बसते, महिनाभराने जोर पडला की सरकते. पाते मिटते आणि मिटताना मधे काय असते? आपली बोटे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने पोपटीच्या रात्री असल्याच एका चाकूचे टोक लाकडात खुपसून फिरवले. कुलूप सुटले आणि तर्जनी-मधल्या बोटाला टाके पडले. सुदैवाने शिरा वाचल्या. चाकूवर काच फोडायचा काटा होता, पट्टा कापायचे हूक होते, डोळे दिपवणारी बॅटरीही होती. ज्या एका गोष्टीवर बोटे अवलंबून होती तीच कच्ची होती. तीनशे रुपयांत चार सोयी द्यायच्या तर पैसा कुठेतरी वाचवावाच लागतो, आणि तो न दिसणाऱ्या जागी वाचवतात.

म्हणून माझे मत असे: पंचवीस-तीस रुपयांच्या साध्या भाजीच्या चाकूची मला भीती वाटत नाही. त्याला कुलूपच नाही, तो कसलाही आव आणत नाही. भीती वाटते ती स्वस्तात महागड्याचे सोंग घेणाऱ्याची. पात्यावर नक्षीच्या लाटा दिसल्या आणि ‘दमास्कस’ लिहिले असेल, पण किंमत पाचशे असेल, तर त्या लाटा पोलादाच्या पोटातल्या नसून वर छापलेल्या आहेत असे समजावे. खरे नक्षीदार पोलाद थर जोडून, घडवून निघते, त्याची मजुरीच त्याहून जास्त होते.

मग वीस हजार द्यावेत का? ज्याचा रोजचा धंदा त्या चाकूवर आहे, ज्याला धार लावता येते, त्याने खुशाल द्यावेत. बाकीच्यांना त्या पैशातले अर्धे तरी नावाला जातात. दोन हजारांच्या पुढे गुणवत्ता वाढते, पण किंमत तिच्या पुढे धावते. आणि मधल्या पायरीवर जगाने पारखलेली दोन उदाहरणे आहेत. फ्रान्सच्या डोंगराळ सावोय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. १९५५ मध्ये त्याला फिरते कडे बसवून कुलूप दिले, तेव्हापासून त्यात फार बदल करावा लागला नाही. दुसरा स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सनर याने १८८४ मध्ये कारखाना सुरू केला आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले. पुढे त्याने आईचे नाव व्हिक्टोरिया कारखान्याला दिले, आणि स्टेनलेस पोलाद आल्यावर त्याला फ्रेंच ‘इनॉक्स’ जोडले. झाले व्हिक्टोरिनॉक्स. खरोखरच्या सैनिकांना दिलेला हा चाकू बघा: डबा उघडायचे पाते, पेचकस, लहानशी सुरी. सैनिकाचे दिवसभराचे काम हेच असते. ‘टॅक्टिकल’ हा शब्द त्यावर कुठेही नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडचा लोहार, किंवा पावसाळा संपल्यावर गावाबाहेर पाल ठोकणारा घिसाडी, ट्रकच्या कमानपाट्यापासून कोयता घडवतो. ते पोलाद स्प्रिंगचे आहे, अर्ध्या टक्क्याच्या थोडे वर कार्बन असलेले, वाकून परत सरळ होणारे. त्याच्याकडे तापमापक नाही. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून तो ठरवतो, आणि तो रंग ओळखायला डोळ्याला वर्षे लागतात. नारळ सोलायला, बांबू तोडायला त्याच्या हातचा कोयता मला कोणत्याही काळ्या रंगाच्या चाकूपेक्षा भरवशाचा वाटतो. गंजतो, हे खरे. खोबरेल तेलाचा हात फिरवला की झाले. त्याच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणारे आपणच ऑनलाइन मात्र न पाहिलेल्या पात्यासाठी मुकाट्याने पैसे भरतो.

आता ‘जंगी’पणाकडे येऊ. पोलाद, पाणी, कुलूप, बैठक या सगळ्यांतून चाकूची प्रत ठरते. काळा रंग, दातेरी पाठ, कवटीचे चित्र यांनी प्रत रतीभरही वाढत नाही. त्या रंगाला पैसे मोजताना आपण चाकू घेत नसतो, भीती घेत असतो. एक तर आपल्याला भीती वाटते म्हणून, नाहीतर दुसऱ्याला वाटावी म्हणून. आपल्या देशात मिटणाऱ्या चाकूला हा डाग आधीपासून आहे. रामपूरच्या कारागिरांची कला हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिली. १९६५ च्या ‘वक्त’मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग कोणाला आठवत नाही? आज ‘रामपुरी’ म्हटले की कारागीर आठवत नाही, गुंड आठवतो.

कायदा काय सांगतो तेही पालकांना माहीत हवे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू नऊ इंचांचा नसतो, म्हणून मुले निर्धास्त असतात. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ वेगळे आहे. सण, निवडणूक, तणाव अशा वेळी त्याखाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुरे-चाकू बाळगण्यालाही बंदी असते. अशा दिवशी नाक्यावर झडती झाली तर ‘पोपटीला चाललो होतो’ हे उत्तर कितपत चालेल? विळी, कोयता, सुरी यांचे काम त्यांच्या तोंडावर लिहिलेले असते. ‘टॅक्टिकल’ चाकूचे कामही तोंडावर लिहिलेले असते, आणि ते पोपटीचे नसते.

इथे मला माझ्या समाजातल्या आईबापांशी स्पष्ट बोलायचे आहे. कायदा सगळ्यांना सारखा आहे, पण संशय सारखा वाटला जात नाही. ही तक्रार आपण चहाच्या टपरीपासून जुम्याच्या नमाजनंतरच्या गप्पांपर्यंत करतो आणि ती खोटी नाही. तोच चाकू दोन वेगळ्या आडनावांच्या मुलांच्या खिशात सापडला तर दुसऱ्या दिवशीची बातमी एकसारखी नसेल. हे बदलले पाहिजे, त्यासाठी बोलले पाहिजे, लिहिले पाहिजे. पण ते बदलेपर्यंत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या खिशात चारशे रुपयांचा दिखाऊ चाकू राहू देणे हे त्याचे स्वातंत्र्य नाही. त्याची दहावी-बारावी, पुढे पासपोर्ट, आखातातली नोकरी, पोलीस पडताळणी या सगळ्यांवर आपण तो चाकू टांगून ठेवतो. शेजारच्या आगरी, कोळी, मराठा घरांतल्या मुलांचेही असेच नुकसान होते. मारामारीत चाकू निघाला की गुद्द्यांचे प्रकरण हत्याराचे होते, मग मुलगा कोणाचाही असो.

मुलींच्या बाबतीतही हेच. ‘संरक्षणासाठी’ म्हणून गुलाबी रंगाचे असले चाकू विकतात. न शिकलेल्या हातातला चाकू झटापटीत हिसकावला जातो आणि उलटतो. त्या मुलीला ११२ क्रमांक पाठ असणे, आरडाओरडा करायची लाज नसणे आणि घरी येऊन सगळे सांगता येणे हे जास्त उपयोगाचे.

पात्याचा अदब आपल्याला नवा नाही. हदीसमध्ये सांगितले आहे की जिबह करताना सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या. म्हणजे धार ही दया आहे, बोथट पाते हा जुलूम आहे. त्याच शिकवणीत असेही आहे की मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना टोके हाताने झाकून धरा, कोणाला इजा होऊ नये. उघडी तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपल्या भावाकडे लोखंड रोखू नये, थट्टेतही नाही. या सूचना तलवारी रोज हाताळणाऱ्या लोकांना दिल्या होत्या. रीळ बनवण्यासाठी मित्राच्या गळ्याशी चाकू फिरवणाऱ्या मुलाला त्या सांगायला नकोत का? आणि बकरी ईदसाठी म्हणाल तर मिटणारा चाकू, तीनशेचा असो की वीस हजारांचा, कामाचाच नाही. रक्त-चरबी सांध्यात शिरते, हात घसरतो, कुलूप भरून बसते. तिथे खाटकाची लांब, एकसंध सुरी लागते, ती कापडात गुंडाळून पिशवीत न्यावी आणि काम झाले की तशीच घरी आणावी.

तेव्हा विकत घेणाऱ्याला माझा सल्ला थोडक्यात असा. आधी काम ठरवा. भाजी-फळासाठी, सहलीसाठी दोन-तीन इंचांचे पाते पुरते. उघडल्यावर पाते डावी-उजवीकडे हलते का ते बघा, हलत असेल तर परत करा. कुलपावर पहिल्याच दिवशी विसंबू नका. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, लाकडावर पात्याची पाठ हलकेच दाबून पाहा, सरकले तर तो चाकू नको. पोलादाचे नाव लिहिलेले नसेल तर सर्वांत हलके धरून चाला. चाकूइतकाच धार लावायच्या दगडावर खर्च करा. वापरल्यावर पुसा, पावसाळ्यात तेलाचा हात द्या. मुलाला हवाच असेल तर लाल किंवा लाकडी मुठीचा, साधा, कामाचा चाकू घ्या, आणि तो घरच्या खणात राहील, शाळेत, एसटीत, गाडीत, जत्रेत नाही, हे त्याच्याशी आधी ठरवा.

आणि मुलांनो, ‘एवढा फरक कशाचा’ या प्रश्नाचे तुम्हाला उत्तर हवे होते. निम्मा फरक पात्याच्या पाण्याचा आणि कुलपाचा आहे, त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. उरलेला निम्मा नावाचा आणि काळ्या रंगाचा आहे, त्याचे पैसे खिशातच राहू द्या. या सुट्टीत एखाद्या लोहाराच्या भट्टीवर जाऊन तासभर बसा. लाल पोलाद पाण्यात बुडताना जो आवाज होतो तो ऐका, आणि त्याला विचारा, किती लाल झाल्यावर बुडवायचे. तो सांगेल. फुकट सांगेल. फक्त त्याच्याकडून एखादी सुरी घेऊन या आणि घरी आईला द्या.